जंतूच्या पेशीतील दारे धरणारा

उसाला पाणी द्यायचे म्हणजे दारे धरायला माणूस लागतो. कोणत्या वाफ्याचे दार केव्हा फोडायचे, केव्हा बुजवायचे, हे त्याने पाहायचे. पाटाला पाणी आहे म्हणून सगळीच दारे उघडी टाकली तर काय होईल, हे शेतकरी मंडळींना सांगावयास नको. आपल्या व गुरांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जंतू राहतो. त्या इवल्याशा पेशीतही असाच एक दारे धरणारा आहे. तो म्हणजे एक प्रथिन.

या जंतूच्या डीएनएच्या धाग्यावर सुमारे ४६ लाख अक्षरे आणि चार हजारांवर जनुके असतात. जनुक म्हणजे बहुधा एखादे प्रथिन बनविण्याची कृती. सगळ्या कृती एकदम चुलीवर चढविल्या तर शिधा पुरायचा कसा? १९४० च्या सुमारास पॅरिसमध्ये झाक मोनो यांनी जंतूंना दोन प्रकारच्या साखरा एकत्र दिल्या. जंतू आधी ग्लुकोजवर वाढले. ते संपताच वाढ थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. मधल्या वेळात ते काय करीत होते? दुसरी साखर पचविण्याची तयारी!

ही तयारी कशी होते, याची उकल मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब यांनी १९६१ मध्ये मांडली. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचविणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी हे प्रथिन डीएनएला घट्ट धरून बसते. त्यामुळे जनुकाची नक्कल काढणाऱ्या यंत्रणेला पुढे सरकता येत नाही. लॅक्टोज आत आले की त्याचेच थोडे बदललेले रूप या प्रथिनाला चिकटते, प्रथिनाचा आकार बदलतो, पकड सुटते आणि दार फुटते. आता कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की दार बंद असताना लॅक्टोज आत आणणारे आणि त्याचे रूप बदलणारे प्रथिन आले कोठून? उत्तर असे, की बुजविलेल्या दारातूनही थोडे पाणी झिरपतेच. तेवढ्यावर भागते.

पण नुसते दार फुटून भागत नाही. ग्लुकोज संपल्यावर दुसरे एक प्रथिन शेजारी बसून नक्कल काढणाऱ्याला हात देते. तेव्हा कोठे काम जोरात चालते.

पेशीत या दारे धरणाऱ्या प्रथिनाचे जेमतेम दहा-वीस रेणू. तरी ते धाग्यावरून घसरत घसरत आपली वीसएक अक्षरांची जागा नेमकी हुडकतात, आणि तीही धाग्याचा पीळ न उलगडता, खाचेत बोट घालून चाचपावे तशी. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी हे प्रथिन प्रत्यक्ष वेगळे काढून दाखविले. झाकोब व मोनो यांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याआधीच, १९६५ मध्ये.

हे सारे दुधाच्या साखरेपुरते असते तर गोष्ट वेगळी. टेट्रासायक्लिन हे औषध माणसांना देतात, गुरांनाही देतात. काही जंतूंपाशी ते बाहेर फेकणारा पंप असतो. एरवी त्या पंपाच्या जनुकावर असेच एक प्रथिन बसलेले असते. औषध आत आले की तेच त्या प्रथिनाला चिकटते, पकड सुटते आणि पंप तयार होऊ लागतो. त्यासाठी जंतूची वाढ थांबविण्याइतके औषधही लागत नाही; त्याहून कितीतरी कमी पुरते. अर्धवट मात्रा दिली, की जंतू मरत नाही, पण दार मात्र फुटते.