'केन' : नजरेचे एक जुने माप

एखादी गोष्ट आपल्या समजेपलीकडची असली की इंग्रजीत 'बियाँड माय केन' असे म्हणतात. यातला 'केन' हा शब्द एरवी आता फारसा ऐकू येत नाही. पण एके काळी तो नजरेचा शब्द होता आणि अंतर सांगण्यासाठीही वापरला जाई.

त्याचे मूळ मात्र 'जाणणे' या अर्थात आहे. संस्कृत 'ज्ञा', मराठी 'जाणणे', इंग्रजी 'नो' आणि 'केन' ही एकाच प्राचीन धातूची रूपे होत. स्कॉटलंडमध्ये 'केन' म्हणजे जाणणे, हा अर्थ आजही रूढ आहे. जाणण्यावरून 'पाहून ओळखणे' हा अर्थ आला. सोळाव्या शतकातले इंग्रज खलाशी, समुद्रावरून किनारा जेवढ्या अंतरावरून ओळखू येई त्या अंतराला 'केन' किंवा 'केनिंग' म्हणत. ते साधारण २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर धरले जाई.

हा आकडा कितपत योग्य आहे, हे आपण ताडून पाहू. पृथ्वी गोल असल्याने हवा स्वच्छ असली तरी नजर क्षितिजाशी अडते. डोळ्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. खलाशाचा डोळा पाण्यापासून ४ मीटर उंच असेल, तर त्याचे क्षितिज सुमारे ७ किलोमीटरवर असते. किनाऱ्यावरच्या ४९ मीटर उंच कड्याच्या माथ्यावरून तेच अंतर २५ किलोमीटर येते. दोन्हींची बेरीज ३२! म्हणजे एवढ्या अंतरावरून त्या खलाशाला कड्याचा माथा जेमतेम दिसू लागेल. हवेतील वक्रीभवनामुळे प्रत्यक्षात हे अंतर थोडे वाढते. कडा बुटका असला तर ते घटते. म्हणून 'केन' हे ढोबळ मापच होते. तरीही खलाशाचा जीव त्यावर अवलंबून असे. किनारा जितका लवकर दिसेल, तितका जहाज खडकांपासून वळवायला वेळ मिळे. टेहळ्याला डोलकाठीवर चढवत ते यासाठीच. २५ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर जाते.

पुढे हा शब्द समुद्र सोडून जमिनीवर आला. 'नजरेचा टप्पा' आणि 'बुद्धीचा आवाका' असे दोन्ही अर्थ त्याला मिळाले. हर्शेलने १७८१ मध्ये दुर्बिणीतून युरेनस शोधला. त्यानंतर १८१६ साली कीट्सने एका सुनीतात, खगोलनिरीक्षकाला नवा ग्रह दिसतो त्या प्रसंगासाठी हाच शब्द योजला.

विद्यार्थ्यांना आपल्या शाळेच्या गच्चीचा 'केन' काढायला सांगावा. सपाट प्रदेशात ९ मीटर उंचीवरून तो जवळजवळ ११ किलोमीटर येईल. मग विचारावे : त्यापलीकडे काय आहे, आणि ते न पाहता आपल्याला कसे कळले?