पावसाचा खाडा कोणाच्या खात्यावर?

25 जुलै 2024 रोजी अतिवृष्टीमुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या शाळांना सुटी द्यावी लागली. अशा दिवशी वाकड-रावेतच्या घरांत मूल घरी असतं, आईवडिलांचं काम मात्र थांबत नाही. म्हणजे मूल सांभाळणाऱ्या मावशीची गरज नेमकी त्याच दिवशी वाढते. पण त्याच आदेशाने तिच्या मुलांची शाळाही बंद झालेली असते आणि त्यांना सांभाळायला तिने कोणी ठेवलेलं नसतं. ती येत नाही. मग महिनाअखेरीस पगार हातात देताना त्या दिवसाचा खाडा धरला जातो. माझं म्हणणं असं की, प्रशासनानेच लोकांना घरी थांबायला सांगितलं असेल त्या दिवसाचा पगार कापू नये. यात उपकार कसला? महिन्याच्या बोलीने ठरलेल्या कामाचा तो साधा हिशेब आहे.

तिला येता का येत नाही, हे उंच इमारतीतून नेहमी दिसत नाही. पवना धरण मावळात आहे. तिकडे पाऊस झोडपत असला की धरणातून विसर्ग वाढवतात आणि शहरात उघडीप असतानाही नदी चढते. पिंपरीतलं संजय गांधीनगर, सांगवी, दापोडी या नदीकाठच्या भागांत पाणी शिरतं. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते, तिथे तर दोन्ही नद्यांचा फुगवटा. पिंपळे सौदागरच्या चौदाव्या मजल्यावरून आभाळ मोकळं दिसत असेल, त्याच वेळी तिच्या घरात पाणी शिरायला लागलेलं असू शकतं. चाकणकडे पुराइतकाच रस्त्याचा त्रास. पुणे-नाशिक महामार्गावर पाणी साचलं की तळेगाव चौकापर्यंत वाहनं अडकतात, शेअर रिक्षा मिळेनाशा होतात. ‘पाऊस तर थांबलाय, मग का आली नाहीस?’ हा प्रश्न म्हणूनच अपुऱ्या माहितीवर उभा असतो.

पावसाने बुडालेल्या दिवसाचा भार वाटून घेण्याचा विचार या औद्योगिक पट्ट्यात नवा नाही. कारखान्यांना तो कायद्यानेच लागू आहे. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये ‘ले-ऑफ’च्या कारणांत नैसर्गिक आपत्तीही येत होती. 50 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळायची. त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम ठेवलं आहे. यावर एक रास्त आक्षेप येईल: ले-ऑफमध्ये मालक काम देऊ शकत नाही, इथे तर बाईच कामावर येऊ शकत नाही. फरक खरा आहे, आणि म्हणून कायद्याचं कलम जसंच्या तसं घरात आणता येणार नाही. पण त्यामागचा विचार आणता येतो: निसर्गाने बुडवलेल्या दिवसाचा सगळा भार कामगाराच्या एकट्याच्या अंगावर टाकायचा नाही. शिवाय हिंजवडीत नोकरी करणारे आईवडील अशा दिवशी अनेकदा घरूनच काम करतात आणि स्वतःच मावशींना ‘आज येऊ नका’ असं कळवतात. हा तर सरळ ले-ऑफच झाला. त्या दिवशी या दोघांचाही पगार पूर्ण असतो. मग त्याच पावसात फक्त तिचा का कापायचा?

घरकामगारांची ही मागणी पुण्याला जुनी आहे. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीइतकाच सुटीचा प्रश्न तेव्हापासून मांडला जातो आहे. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण मंडळ म्हणजे कल्याणकारी योजनांची सोय. पावसाच्या दिवशी खाडा धरायचा की नाही, हे ते ठरवत नाही. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2011 मध्ये झाला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, तरी अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठीच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितलं. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर ठरवायचं आहे ते घरातल्या दोन माणसांनी.

‘एकदा सूट दिली की चार थेंब पडले तरी दांडी होईल,’ ही भीती बहुतेक घरांत बोलून दाखवली जाते. तिच्यावर उपाय आहे: निकष दोन्ही बाजूंच्या मर्जीबाहेरचा ठेवावा. नुसता हवामान विभागाचा इशारा पुरणार नाही, कारण पुणे जिल्हा मोठा आहे आणि घाटमाथ्याचा लाल इशारा म्हणजे मोशी-चिखलीतला पूर नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा महापालिकेने सुटी जाहीर केली, तिच्या वस्तीत पाणी शिरलं, किंवा येण्याचा रस्ता बंद झाला, या तीनपैकी एक गोष्ट घडली तर पूर्ण पगार. ती आली नाही म्हणून साप्ताहिक सुटीच्या दिवशी भरपाई मागायची नाही. सकाळी सातच्या आत तिने फोन करायचा. हे कामावर ठेवतानाच बोलून, शक्य तर लिहून ठेवावं. ब्युरोमार्फत बाई आली असेल तर पावसाच्या दिवसाचे पैसे तिच्या हाती पडतात की मधेच अडतात, हेही विचारून घ्यावं. आणि अशा दिवशीही जी येते तिला रिक्षाचं भाडं वेगळं द्यावं, पण आली नाही तिला हिणवू नये. घरात पाणी शिरेल या धास्तीने जीव टांगणीला लागलेल्या बाईकडे तान्हं बाळ सोपवण्यात बाळाचंही हित नाही.

खर्च किती? समजा, पगार महिना 15,000 रुपये आहे आणि वर्षात असे चार दिवस आले. 30 दिवसांच्या हिशेबाने 2,000 रुपये होतात. वर्षाच्या 1,80,000 रुपयांत शंभरामागे सव्वा रुपयाहूनही कमी. मात्र चाकणमध्ये नवराबायको दोघंही ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतील, तर कारखाना बंद म्हणजे त्यांचाही रोज बुडाला, आणि तिथे पूर्ण पगाराचा आग्रह धरणं मला न्याय्य वाटत नाही. निम्मा तरी द्यावा. उलट बाजूही मोजली पाहिजे. ती सकाळी आली, दुपारनंतर पाऊस वाढला, कंपनीची बस महामार्गावर अडकली आणि सहाला सुटणारी बाई रात्री नऊपर्यंत बाळाजवळ थांबली, तर ते तीन तास ‘अडचण होती, समजून घ्या’ म्हणून विसरले जातात. त्या तासांचे पैसे जादा दराने द्यायचे आणि तिला घरी सोडून यायचं. रस्ताच बंद असेल तर मुक्कामाची नीट सोय करायची, तिच्या घरी आपण स्वतः फोन करायचा, आणि ती रात्र तिची ड्युटी म्हणून धरायची.