साखळी-करवत : निवड, इंधन व वापर

मुंबई उपनगर जिल्ह्यांत शेती ती किती उरली आहे, असें विचारणारे पुष्कळ भेटतात. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं व वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या, हें खरें. तथापि गोराई, मनोरी, मढ या बाजूस नारळाच्या व आंब्याच्या वाड्या अद्यापि आहेत, आरे वसाहतीच्या पाड्यांतून भाजीपाला पिकतो, आणि जुन्या घरांच्या आवारांतील आंबा, फणस, ताड यांची निगा मालकासच राखावी लागते. हीं कामें पूर्वीं कुऱ्हाड, कोयता व दोघांनीं ओढावयाची करवत यांवर होत. आतां पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, बाजारांत जिला चेन-सॉ किंवा नुसतें ‘कटर’ म्हणतात ती, सर्वत्र दिसूं लागली आहे. दुकानांत तिची चौकशी होते ती किंमत व ताकद यांपुरती. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी मागाहून पाहावयाच्या आहेत.

या यंत्राचा वेग केवढा, हें उपनगरांतील लोकांनीं २०१९ सालीं पाहिलें. मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेमधील झाडें तोडण्याविरुद्धचे अर्ज उच्च न्यायालयानें ४ ऑक्टोबर रोजीं फेटाळले; त्याच रात्रीं करवती सुरू झाल्या, आणि ७ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविण्यास सांगितलें तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें पडून गेलीं होतीं. त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. सांगावयाचें इतकेंच कीं, कुऱ्हाडीच्या दोन घावांमध्यें विचार करण्यास जो अवधि मिळे, तो हें हत्यार देत नाहीं. साखळी सेकंदास सुमारें वीस मीटर वेगानें धांवते. ती मांडीस लागली तर हात मागें घेण्याचें सुचण्यापूर्वींच जखम झालेली असते.

निवड करतांना प्रथम आपलें काम पाहावें. ज्याच्या वाडीत फांद्या छाटणें, वाळलेलें झाड उतरविणें व पडलेल्या खोडाचे तुकडे करणें एवढेंच काम आहे, त्यास ३५ ते ४० घनसेंटिमीटरचें इंजिन व चौदा ते सोळा इंची पट्टी पुरे होते. बाजारांत स्वस्त म्हणून ५८ घनसेंटिमीटरचें व बावीस इंची पट्टीचें यंत्र पुढें केलें जातें, व थोड्याशा पैशांत एवढें मोठें हत्यार मिळतें या समाधानांत तें घेतलें जातें. परंतु लांब पट्टीचें टोंक कोठें लागत आहे हें चालविणाऱ्यास दिसत नाहीं, वजनानें हात लवकर थकतात, आणि थकलेल्या हातांतच अपघात होतात. यंत्र घेतांना साखळीचा ब्रेक पुढच्या मुठीसमोर आहे कीं नाहीं व तो हातानें ढकलतांच साखळी जागच्या जागीं थांबते कीं नाहीं, हें दुकानांतच चालवून पाहावें. तुटलेली साखळी अडविणारा आंकडा खालच्या बाजूस असावा. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन मंद चालत असतां साखळी फिरतां कामा नये. यांपैकीं एकही गोष्ट नसेल तर तें यंत्र फुकट मिळालें तरी घेऊं नये. घराजवळच्या हलक्या छाटणीस बॅटरीची करवत चांगली. तिला इंधनाचा उपद्रव नाहीं, मात्र तिची साखळी कापते तितकीच.

साखळीची धार हा विषय शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. आजच्या साखळीचा दात १९४६ सालच्या सुमारास अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांत जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यास सुचला, आणि तो सुचला एका भुंग्याची अळी लाकूड पोखरतांना पाहून. अळीचे जबडे डावी-उजवीकडे चालून, तंतु उभा असो कीं आडवा, सारखेच पुढें जात होते. आमच्या आंब्या-काजूंस पोखरणारें भिरूड त्याच जातकुळीचें. आम्ही त्यास शिव्या देत बसलों व त्या गृहस्थानें कारखाना काढला! असो. दात धारदार असतो तेव्हां लाकडाच्या जाड कपच्या उडतात. बोथट झाला कीं पिठासारखा भुसा पडूं लागतो व चालविणारा यंत्रावर जोर देऊं लागतो. तो भुसा दिसतांच काम थांबवून गोल कानस घ्यावी. लहान साखळीस बहुधा ४ मिलिमीटरची कानस लागते. खरें माप पुस्तिकेंत असतें. प्रत्येक दातास आंतून बाहेर सारखे घांस द्यावे. उपनगरांतील झाडांच्या बुंध्यांत पाट्यांचे खिळे, दिव्यांच्या तारा, जुन्या लोखंडी कुंपणांचे तुकडे गिळले गेलेले असतात. म्हणून कापण्यापूर्वीं बुंधा हातानें चांचपून पाहावा.

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका म्हणजे उसळी. पट्टीच्या टोंकाचा वरचा अर्धा भाग फांदीस, कुंपणास किंवा दुसऱ्या लाकडास लागला, कीं पट्टी डोळ्याचें पातें लवण्याआधीं चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. म्हणून टोंकानें कापूं नये, खांद्याच्या वर करवत उचलूं नये, शिडीवर उभें राहून ती चालवूं नये आणि एका हातानें तर कधींच चालवूं नये. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळलेला असावा. डोकें व मान पट्टीच्या सरळ रेषेंत न ठेवतां किंचित् बाजूस ठेवावीं. यंत्र सुरू करतांना तें जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागील मुठीवर पाय देऊन दोरी ओढावी. हवेंत लोंबकळत ठेवून झटका देण्याची जी पद्धत सर्रास दिसते ती सोडून द्यावी.

आतां इंधन. हें इंजिन दोन ठोक्यांचें असल्यानें त्याला वंगण वेगळें मिळत नाहीं. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच त्याचें वंगण. यंत्राच्या पुस्तिकेंत पन्नासास एक असें प्रमाण असेल तर दर लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, पंचवीसास एक असेल तर ४० मिलिलिटर तेल घ्यावें, आणि तें दोन ठोक्यांच्या इंजिनाचेंच असावें. मोटारीचें तेल चालत नाहीं. अंदाजानें ओतूं नये. याहून नवी अडचण पेट्रोलाचीच आहे. २०२३ सालापासून आपल्या देशांत शेकडा वीस इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें व आतां तेंच सर्वत्र मिळतें. अनेक करवतींच्या पुस्तिकांत मात्र शेकडा दहाची मर्यादा घातलेली आढळते. म्हणून खरेदीपूर्वींच हा मजकूर वाचून दुकानदारास स्पष्ट विचारावें. इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें, आणि आमच्या किनाऱ्यावरील पावसाळी हवेस ओलीची कमतरता नाहीं. पुरेसें पाणी शिरलें कीं इथेनॉल व पाणी तळाशीं बसतें, तेल व पेट्रोल वर राहतें. टांकीच्या तळांतून ओढणारें इंजिन मग वंगणाविना चालतें व दट्ट्या धरून बसतो. गेल्या हंगामाच्या डब्यांतील इंधन घालून यंत्र बिघडलें अशा तक्रारी येतात, त्यांपैकीं बऱ्याच तक्रारींचें मूळ येथें असावें. एक-दोन दिवस पुरेल इतकेंच मिश्रण करावें, महिन्याहून जुनें वापरूं नये, आणि काम संपल्यावर टांकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालूं द्यावें. इंधन भरण्यापूर्वीं इंजिन निवूं द्यावें, विडी दूर ठेवावी, व भरल्या जागेपासून दहा पावलें सरकून मगच यंत्र सुरू करावें. साखळीच्या तेलाची टांकी निराळी असते. तींत गाडीचें जळलेलें काळें तेल ओतण्याची काटकसर पंपास व कातडीस दोन्हींसही महाग पडते.

पोशाखावरील खर्च हा यंत्राच्या किंमतींतच धरावा. जाळीच्या पडद्याचें शिरस्त्राण, कानांवरील झांकणें, चामडी हातमोजे, टणक बूट, आणि मुख्य म्हणजे करवतीसाठीं केलेली विजार. या विजारींतील लांब तंतु साखळीनें ओढले गेले कीं दंतचक्रांत गुंतून तें थांबवितात. लुंगी व चपला घालून हें काम करणारा मजूर आम्हीं अनेकदां पाहिला आहे. मालकानें विजार दिली नाहीं तर तो स्वतः कोठून आणणार?

नारळाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण इतर झाडांचे नियम त्याला तसेच लावतां येत नाहींत. आंबा किंवा शिरीष पाडतांना पडावयाच्या बाजूस व्यासाच्या पाव भागाइतकी खाच घेतात, मागून काप देतात, आणि मध्यें व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकें लाकूड बिजागरीसारखें राखतात. तें झाडास दिशा देतें. नारळाचें खोड बाहेर टणक व आंत भुसभुशीत असतें, त्यामुळें बिजागरी भरंवशाची होत नाहीं. शिवाय त्याच्या बाहेरच्या भागानें साखळीची धार लवकर जाते. भोंवतीं झाडाच्या उंचीच्या दुप्पट मोकळी जागा नसेल, आणि उपनगरांत ती बहुधा नसतेच, तर नारळ वरून तुकड्या-तुकड्यांनीं उतरवावा लागतो. हें काम शिकलेल्या माणसाचें आहे. नारळ पाडणारा पाडेली कितीही कुशल असला तरी कंबरेच्या एका दोरावर राहून हातीं करवत घेणें त्यास सांगूं नये; साखळी खोडाऐवजीं दोरास लागली तर दुसरा आधार उरत नाहीं. दोन स्वतंत्र दोर, त्यांपैकीं एक पोलादी गाभ्याचा, व खालीं एक जाणता माणूस एवढें नसेल तर तो दिवस जाऊं द्यावा. सोंड्या भुंग्यानें पोखरलेल्या माडावर तर चढूंच नये.

३ जून २०२० चें निसर्ग वादळ व १७ मे २०२१ चें तौक्ते वादळ यांनीं आडवीं केलेलीं झाडें कापण्याची घाई सर्वांनाच झाली होती. पडलेलें झाड उभ्या झाडाहून निरुपद्रवी दिसतें, पण तें तसें नसतें. वांकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली व दुसरी ताणलेली असते. दाबलेल्या बाजूस आधीं थोडा काप घेऊन मग ताणलेल्या बाजूनें हळूहळू कापावें, व उभें राहावें तें बाजूस. मुळांसह उपटलेल्या झाडाचें खोड तोडतांच मुळांचा चकदा परत खड्ड्यांत बसूं शकतो. त्या खड्ड्यांत मूल किंवा जनावर उतरूं देऊं नये. फांदी विजेच्या तारेस टेकली असेल तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत करवत बाहेर काढूं नये. मेलेल्या पर्जन्यवृक्षांच्या फांद्याही, ज्यांची पिठ्या ढेकणानें उपनगरांत मोठी हानि केली, यंत्राच्या नुसत्या थरथरीनें डोक्यावर सुटतात.

शेवटीं कायदा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रें) झाडांचें संरक्षण व जतन अधिनियम १९७५ येथें लागू आहे, आणि झाड आपल्या आवारांतील व आपण लावलेलें असलें तरी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्षाचें स्थान मिळालें आहे, तेव्हां आजोबांच्या हातच्या आंब्यावर करवत लावण्यापूर्वीं त्याचें वय मोजावें लागेल. अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर न करतां थंडींतच करावा. चैत्र-वैशाखांत विभाग कार्यालयांत अर्जांचा ढीग असतो, आणि करवत भाड्यानें देणारेही त्याच दिवसांत दुप्पट दर सांगतात.