फाइलचे मूळ नाव टिकवताना

संगणकावरच्या फाइलचे नाव फाइलच्या आत नसते. ते फोल्डरच्या नोंदीत असते, आणि ही नोंद कशी ठेवायची याचे नियम प्रत्येक प्रणालीचे वेगळे. म्हणूनच लिनक्स, विंडोज आणि मॅक यांच्यात ने-आण करताना मजकूर शाबूत राहतो, चेकसमही जुळतो आणि नाव तेवढे बदललेले असते.

लिनक्स सर्वांत सैल. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडले तर नावात काहीही चालते. विंडोजला अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह चालत नाही. ‘सभा १०:३०’ अशी फाइल तिथे उतरतच नाही. पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि त्यालाही ही चिन्हे वर्ज्य. त्यामुळे लिनक्सवरून मॅकवर जातानाही विंडोजसारखाच जाच होतो. लहान आणि मोठे अक्षर एकच मानायचे की वेगळे, हा घोळ रोमन नावांपुरता. देवनागरी त्यातून सुटली आहे.

लांबीत मात्र देवनागरीच अडकते. विंडोजची एनटीएफएस पद्धत नावाला २५५ एकके देते (देवनागरीच्या एका चिन्हाला एक), लिनक्सची ईएक्सटी४ २५५ बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘क्षे’ एवढ्यालाच बारा बाइट लागतात. विस्तारनाम धरून ८५ चिन्हांत सगळे बसवायचे, म्हणजे बातमीचा अख्खा मथळा नाव म्हणून दिलेली फाइल विंडोजवर सुखाने राहते आणि लिनक्सवर नाकारली जाते.

सर्वांत फसवा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि नुक्ता असे फोडून साठवते. २०१७मध्ये आलेली एपीएफएस दिले तसे ठेवते. ‘दऱ्या’ नावाचा फोल्डर जुन्या मॅकवरून लिनक्सवर आला की त्याच नावाचे, हुबेहूब दिसणारे दोन फोल्डर शेजारी नांदू शकतात. आरसिंक या नकल करणाऱ्या साधनाला ‘आयकॉन्व्ह’ पर्याय देऊन हा फरक मिटवता येतो. पण काही कळफलक ‘ऱ्या’ साठी साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरतात. युनिकोडच्या लेखी ते वेगळेच नाव. तिथे हा उपाय चालत नाही, कोणते नाव ठेवायचे ते आपणच ठरवावे लागते.

झिपमध्ये नावे यूटीएफ-८मध्ये असल्याची खूण २००६पासून आहे. ती न लावणाऱ्या साधनाने बांधलेले मराठी नाव दुसरीकडे अगम्य चिन्हांत उघडते. त्यापेक्षा पॅक्स प्रकारचा टार हा गठ्ठा बरा: मूळ यंत्रावर बांधावा आणि न उघडता न्यावा, म्हणजे परक्या नियमांशी गाठ फक्त टारच्या स्वतःच्या नावाची पडते. निघण्यापूर्वी सर्व नावांची यादी काढून पोचल्यावर ताडून पाहावी. टार विंडोजवर उघडायचाच असेल तर वर्ज्य चिन्हे ठरवून बदलावीत आणि जुने नाव, नवे नाव असा तक्ता यूटीएफ-८मध्ये शेजारीच ठेवावा. त्या तक्त्याच्या फाइलला नाव द्यावे ते साध्या रोमन अक्षरांत.