तळ्याच्या काठावरून राज्यकारभार



नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत राज्यकारभाराची ओळख पुष्कळदा वरून खाली करून दिलेली असते. आधी राष्ट्रपती, मग पंतप्रधान आणि संसद, त्यानंतर राज्यपाल, मुख्यमंत्री आणि विधिमंडळ. आणि अगदी शेवटी, वर्ष संपत आले असता, नगरपालिका व ग्रामपंचायत. ही नावे पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि सुटीत विसरली जातात. यात दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही. ज्या गोष्टींसाठी ही सारी पदे आणि सभा निर्माण झाल्या, त्या गोष्टीच त्या वेळी डोळ्यांपुढे नसतात. म्हणून आज आपण उलट वाटेने जाऊ. एका तळ्याच्या काठी उभे राहू आणि तेथून राज्यकारभार कसा दिसतो ते पाहू.

हे तळे महाडचे. महाड हे सावित्री नदीच्या काठी वसलेले कोकणातील जुने व्यापारी गाव. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, ते मोडते. गावातील चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. आता येथेच थोडे थांबून विचार करा. घरातला हंडा घरधन्याचा असतो, परसातली विहीर वाड्याच्या मालकाची असते. पण तळे कोणाचे? ते कोणा एकाचे नाही, म्हणून ते सर्वांचे. त्याचा गाळ कोणी काढायचा, त्याच्या पायऱ्या कोणी बांधायच्या, त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणायचा, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. दररोज साऱ्या गावाने एकत्र जमणे शक्य नसते. म्हणून माणसे निवडून ती व्यवस्था त्यांच्यावर सोपवितात. स्थानिक स्वराज्य संस्थेचा उगम असा आहे. जे सामाईक आहे त्याची सामाईक व्यवस्था, हाच तिच्या कामाचा गाभा होय.

परंतु ‘सर्वांचे’ या शब्दात कोणकोण येते? महाडच्या तळ्यावर हिंदू पाणी भरीत, मुसलमान व ख्रिस्ती भरीत, गुरेढोरेही तेथे पाणी पीत. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, त्यांनाच तेवढी त्या पाण्याची बंदी होती. तळे सार्वजनिक होते, पण ‘सर्वजन’ या शब्दाचा अर्थ रूढीने ठरविलेला होता.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. कौन्सिलाने तो संमत केला. सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. पुढे १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर पाहू जाता काम पुरे झाले होते. वरच्या सभागृहाने ठरविले, सरकारने कळविले, खालच्या संस्थेने मानले. तथापि तीन वर्षे उलटली तरी त्या पाण्याला हात लावण्याचे धैर्य कोणास झाले नाही, आणि तो हक्क बजावता यावा अशी तजवीजही कोणी केली नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मागोमाग हजारो माणसे शांतपणे तळ्यावर गेली आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर, ही मंडळी आता देवळात शिरणार, अशी आवई उठली व परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरावयाची होती. पण तत्पूर्वी काही रहिवाशांनी, हे तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे असे म्हणून, महाडच्या न्यायालयात दावा लावला व तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. जमलेला समुदाय पाण्याकडे निघाला असता त्याला अडविणे सोपे गेले नसते. पण परिषदेने मनाईहुकुमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला. एकेक पायरी चढत तो दावा मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी त्या न्यायालयाचा निर्णय लागला, तो आंबेडकरांच्या बाजूने. फिर्यादींनी सांगितलेली अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. एका ओंजळभर पाण्याचा निकाल लागण्यास दहा वर्षे लागली.

आता या हकीकतीकडे नागरिकशास्त्राच्या दृष्टीने पाहा. पुस्तकात तुम्ही शासनाची तीन अंगे वाचता. कायदा व धोरण ठरविणारे एक, अंमल करणारे दुसरे आणि निवाडा देणारे तिसरे. ही तिन्ही अंगे महाडच्या तळ्याभोवती उभी आहेत. कौन्सिलाने धोरण ठरविले, सरकारी खाती व नगरपालिका यांच्याकडे अंमल आला, आणि न्यायालयाने निवाडा दिला. आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. कारभार करणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही निवडून येतात. ती मतदारांना उत्तर देण्यास बांधलेली असतात. काही नेमलेली असतात, जसे जिल्हाधिकारी, तहसीलदार, मुख्याधिकारी. ती कायद्याने बांधलेली असतात. निवडणुका येतात व जातात, पण दप्तर चालूच राहिले पाहिजे, म्हणून नेमलेली माणसे हवीत. दप्तराचा रोख लोकांच्या गरजांकडे राहिला पाहिजे, म्हणून निवडलेली माणसे हवीत.

मग निवडून आलेल्या नगरपालिकेने आपलाच ठराव मागे का घ्यावा? त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता व कर यांवर अवलंबून होता. ज्यांच्या तहानेचा प्रश्न होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना मतच नव्हते. सभासदांनी आपल्या मतदारांचा कल पाहिला, आणि मतदारांची यादी म्हणजे गाव नव्हे. समाजाची विविधता ही राज्यकारभाराशी येथे जोडली जाते. आपण विविधतेचे वर्णन पुष्कळदा वेष, नृत्ये, सण आणि पक्वान्ने यांच्या आधारे करतो. ते खोटे नाही; भारतासारख्या देशात, जेथे संविधानाच्या आठव्या अनुसूचीतच आज २२ भाषा आहेत, असे वर्णन सहज सुचते. पण विविधतेची खरी कसोटी पाणवठ्यावर, रस्त्यावर आणि शाळेच्या बाकावर लागते. भिन्न रीतीची, भिन्न जातीधर्मांची, भिन्न ऐपतीची माणसे एकाच सामाईक वस्तूचा वापर करू पाहतात, तेव्हा ती वस्तू कोणाच्या वाट्याला किती आणि कोणत्या क्रमाने येते?

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानात महाडचा हा अनुभव जणू शब्दरूप झालेला दिसतो. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये तर तळी, विहिरी, स्नानघाट व रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. शासनाच्या पैशाने चालणाऱ्या वा सार्वजनिक उपयोगासाठी दिलेल्या अशा जागांपासून केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाही नागरिकास दूर ठेवता येत नाही. पुढे १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला. याच संविधानाने प्रत्येक प्रौढ नागरिकास मत दिले आणि मतदारांची यादी व गाव यांमधील ते जुने अंतर मिटविले.

गावाच्या हाती किती सत्ता द्यावी, याविषयी मात्र संविधानसभेत मतभेद होता. गांधीजींच्या विचारांत ग्रामस्वराज्याला फार मोठे स्थान होते, आणि त्या विचाराचे अनेक सभासद सभेत होते. याउलट डॉ. आंबेडकरांना खेड्याविषयी भाबडी ओढ नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी खेड्यातील संकुचितपणावर व जातीयतेवर कठोर टीका केली. सत्ता गावात गेली की ती गावातील बलवंतांच्याच हाती पडेल, हे भय महाडकडे पाहता निराधार म्हणता येणार नाही. अखेरीस ग्रामपंचायती संघटित कराव्यात असे मार्गदर्शक तत्त्व अनुच्छेद ४० म्हणून स्वीकारले गेले. पण ते तत्त्वच होते, बंधन नव्हते.

ते बंधन व्हावयास चार दशके लागली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंचायत राज्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. तरीही कित्येक राज्यांत निवडणुका लांबत आणि संस्था कागदावर उरत. म्हणून १९९२ साली संविधानात ७३ वी व ७४ वी दुरुस्ती झाली. त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. दर पाच वर्षांनी निवडणूक, त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, आणि गावातील सर्व मतदारांची मिळून ग्रामसभा, ही व्यवस्था आता संविधानात आहे. त्याचबरोबर अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश राखीव जागा मिळाल्या. बिहारने २००६ साली स्त्रियांचा वाटा निम्मा केला. महाराष्ट्राने २०११ साली तेच केले. सत्ता गावात न्यावी हा एक विचार, आणि ती गावातील दुर्बलांपर्यंत पोहोचावी हा दुसरा. या दुरुस्त्यांनी दोन्हींचा मेळ घालण्याचा यत्न केला आहे.

सर्व देशाला एकच साचा मात्र लावलेला नाही. नागालँड, मेघालय व मिझोराम या राज्यांना, तेथील परंपरागत संस्था ध्यानी घेऊन, ही पंचायत व्यवस्था लागू केलेली नाही. अनुसूचित क्षेत्रांतील आदिवासी गावांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला व तेथील ग्रामसभांना अधिक अधिकार मिळाले. समान हक्क आणि एकसारखी रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून उमजेल.

एवढे सारे झाल्यावर तळ्याचा प्रश्न सुटला काय? नियम झाला म्हणजे व्यवहार झाला असे होत नाही, हेच तर १९२४ च्या ठरावाने शिकविले आहे. पाच वर्षांनी निवडणूक व्हावी असे संविधान सांगते. तरी मुंबईसारख्या महानगरपालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाने पाहिला. स्त्री सरपंच निवडून येते, पण काही ठिकाणी तिच्या खुर्चीमागून पतीच कारभार हाकतो. नळयोजना गावात येते, पण जलवाहिनी कोणत्या वस्तीपासून सुरू होते व कोणत्या वस्तीला शेवटी पोहोचते, हे पाहिल्यास जुन्या गावाचा नकाशा पुन्हा दिसू लागतो.

म्हणून मित्रहो, तुमच्यासाठी एक साधा अभ्यास सुचवितो. आपल्या गावातील वा प्रभागातील एखादी सामाईक वस्तू निवडा. पाण्याची टाकी, दिव्याचा खांब, स्मशानाकडे जाणारी वाट, काहीही चालेल. ती कोणाच्या अखत्यारीत आहे, तिच्यासाठी पैसा कोठून येतो, आणि तिचा लाभ कोणाला सर्वांत शेवटी मिळतो, याचा शोध घ्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत मिळेल. दुसऱ्यासाठी अंदाजपत्रक चाळावे लागेल, आणि तेथे राज्याचा व केंद्राचा वाटाही दिसेल. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही कचेरीच्या फलकावर नसते. त्यासाठी आपली गल्ली सोडून दुसऱ्या वस्तीत जावे लागते आणि तेथील माणसांना विचारावे लागते. अठराव्या वर्षी तुम्ही ग्रामसभेत बसाल, तेव्हा त्या वस्तीतील माणूस बोलण्यास उभा राहील. त्याचे म्हणणे काय आहे, हे तुम्हांला आधीपासून ठाऊक असावे.