हिस्टोन

हिस्टोन ही दृश्यकेंद्रकी सजीवांच्या पेशीकेंद्रकात आढळणारी लहान, अल्कधर्मी प्रथिने आहेत. डीएनएचा लांबलचक रेणू केंद्रकात सामावणे आणि त्यावरील कोणती जनुके कार्यरत राहतील यावर नियंत्रण ठेवणे, ही त्यांची प्रमुख कार्ये होत. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये पक्ष्यांच्या केंद्रकयुक्त तांबड्या रक्तपेशींतून ती प्रथम वेगळी केली.

स्थान

हिस्टोन पेशीद्रव्यातील रायबोसोमवर तयार होतात व केंद्रकपटलावरील छिद्रांमधून केंद्रकात नेले जातात. त्यांच्यात लायसीन आणि आर्जिनीन ही धनप्रभारित अमिनो आम्ले विपुल असतात. त्यामुळे ऋणप्रभारित डीएनएशी ते घट्ट बांधले जातात.

रचना व कार्य

हिस्टोनचे एच१, एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ असे पाच मुख्य प्रकार आहेत. शेवटच्या चार प्रकारांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठ रेणूंचा गाभा बनतो. त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ आधारक-जोड्या गुंडाळल्या जातात. या एककास न्यूक्लिओसोम म्हणतात. एच१ हा प्रकार गाभ्याबाहेर राहून गुंडाळी स्थिर ठेवतो. मानवी पेशीतील सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात मावतो, तो या बांधणीमुळेच.

हिस्टोनच्या गाभ्याबाहेर आलेल्या टोकांवर अ‍ॅसिटिल गट जोडले गेल्यास धनप्रभार घटतो, बांधणी सैल होते व तेथील जनुके वाचली जाऊ शकतात. मिथिल गटांचा परिणाम मात्र ते कोणत्या स्थानी जोडले जातात यावर अवलंबून असतो. वाटाणा आणि वासरू यांच्या एच४ प्रथिनांतील १०२ अमिनो आम्लांपैकी केवळ दोन भिन्न आहेत. उत्क्रांतीत या प्रथिनाला बदल किती कमी मानवला, हे यावरून दिसते.

नारळातील उदाहरण

रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात माडांच्या भिन्न जातींचा संकर घडवून सुधारित वाण तयार केले जातात. फलनाच्या वेळी परागनलिकेतून दोन पुंयुग्मके येतात. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण बनतो, तर दुसऱ्यापासून भ्रूणपोष तयार होतो. प्राण्यांच्या शुक्रपेशींत हिस्टोनची जागा बहुधा प्रोटामीन ही आणखी लहान प्रथिने घेतात. सपुष्प वनस्पतींच्या पुंयुग्मकांत मात्र डीएनए हिस्टोनवरच गुंडाळलेला राहतो.

नारळात भ्रूणपोषाचे केंद्रक प्रारंभी पेशीभित्तिका न बनताच वारंवार विभागते. त्यामुळे कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यात असंख्य मुक्त केंद्रके असतात. पुढे कवचालगत पेशी बनून खोबरे तयार होते. प्रत्येक विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट होतो आणि तो गुंडाळण्यासाठी तितकेच नवे हिस्टोनही तयार व्हावे लागतात.

केंद्रकाबाहेरील परिणाम

पेशी नष्ट होऊन हिस्टोन रक्तात मिसळल्यास ते रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरास इजा करतात. गंभीर जंतुसंसर्गात होणाऱ्या अवयवहानीस हे एक कारण ठरते. केंद्रकात अत्यावश्यक असलेले हे प्रथिन केंद्रकाबाहेर घातक ठरू शकते.