शंकरपाळ्याच्या आकाराची मोहोर

यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी येथील ज्या घरांत पणजोबांच्या वेळची विलायती काच अद्याप शिल्लक आहे, त्या घरच्या मंडळींनी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती बशी वा फुलदाणी उजेडाकडे धरून तिच्या बुडाशी एकवार बोट फिरवावे. कोनावर उभी असलेली, शंकरपाळ्याहूनही लहान अशी एखादी उठावाची आकृती हाताला लागली, तर तो साच्याचा दोष नसून इंग्लंडातील सरकारी दफ्तरात त्या नक्षीची नोंद झाल्याची मोहोर आहे, असे जाणावे.

ही मोहोर 1842च्या कायद्याने प्रचारात आली व 1883पर्यंत चालली. माथ्यावरच्या वर्तुळातील रोमन तीन हा आकडा काचेचा वर्ग दाखवितो. आकृतीच्या चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाच्या नोंदीचा अनुक्रम येतो. वर्षाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावलेली नाहीत, आणि 1868पासून तीच अक्षरे पुन्हा फिरली. म्हणून 'एक्स' हे अक्षर 1842चेही आहे व 1868चेही. भेद केवळ जागेचा: 1867पर्यंत वर्ष वरच्या कोपऱ्यात, तदनंतर उजव्या. सव्वीस वर्षांचे हे अंतर वऱ्हाडात क्षुल्लक नव्हे. 1842 साली येथे निजामाचा अंमल होता, 1853च्या तहाने मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि 1868पूर्वीच आगगाडी नागपुरास पोहोचली होती. कोपरा चुकला की वस्तू एका राजवटीतून दुसरीत जाते.

तथापि या तारखेवर अंधविश्वास नको. ती नक्षी दाखल झाल्याची तारीख आहे, वस्तू घडल्याची नव्हे. काचेच्या नक्षीस संरक्षणाची मुदत तीन वर्षांची असे. पण माल खपत असेल तर साचा पुढेही वापरला जाई. गेट्सहेड येथील सॉवरबी कारखान्याने मोराच्या डोक्याची व्यापारी खूण 1876 साली घेतली. तेव्हा 1874च्या मोहोरेशेजारी तो मोर दिसला, तर नक्षी जुनी व काच निदान दोन वर्षांनी अर्वाचीन, हा निर्णय निःशंक देता येतो. मोहोर वयाची केवळ वरची मर्यादा सांगते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल याच मर्यादेत आहे.

1884पासून चौकोनी मोहोर जाऊन 'आर डी' या अक्षरांपुढे निव्वळ क्रमांक आला. 1890च्या आरंभी तो 141273वर, 1900च्या आरंभी 351202वर होता. तळेगावच्या पैसा फंड कारखान्याची किंवा 1916 साली निघालेल्या ओगलेवाडीची देशी काच या विलायती मोहोरेत शोधू नये. आणि मोहोर नाही म्हणून वस्तू अर्वाचीन, असेही मानू नये.

लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या नक्षींच्या नोंदवह्या आजही आहेत व त्यांत नोंद करणाऱ्याचे नाव सापडते. म्हणून वाचकहो, जुनी काच मोडीत घालण्यापूर्वी मोहोरेची आकृती पेन्सिलीने कागदावर उतरवून घ्या, आणि कोणते अक्षर कोणत्या कोपऱ्यात आहे, ते अवश्य लिहून ठेवा.